ग्रीसच्या बेटावर समुद्रात उतरताय? आधी वारा बघा, मग पाणी

दर मे-जूनला मला तेच मेसेज येतात. "सँटोरिनीला पाणी शांत असतं ना?" "पोरीसाठी फ्लेमिंगो घेतलाय फुगवायचा, चालेल ना?" आणि ऑगस्टमध्ये त्यातल्याच दोघातिघांच्या व्हॉइस नोट येतात, की अरे काय झालं माहितीय का. मी जर्मनीत राहतो, बहुतेक उन्हाळ्यात एखादं ग्रीक बेट होतंच आणि सोबत भारतातून आलेलं कोणीतरी असतंच, त्यामुळे त्याच चुका पुन्हा पुन्हा बघितल्यात (काही स्वतःही केल्यात). म्हणून एकदाच सगळं क्रमाने लिहून टाकतो.

गडबड कुठे होते? आपण कोकण-गोव्याचा समुद्र बघत मोठे झालोय. तिथे आपला डोळा जातो भरती-ओहोटीकडे आणि लाटेकडे, लाट मोठी म्हणजे धोका आणि पाणी सपाट म्हणजे मजा. एजियन समुद्रात, म्हणजे ग्रीस आणि तुर्कस्तानच्या मधल्या समुद्रात, हे गणित चालत नाही. भरती-ओहोटी तिथे जेमतेम वीतभर. तिथे सगळा कारभार वाऱ्याचा, आणि घात करणारी जागा बरेचदा तीच असते जिथे पाणी काचेसारखं दिसतं, कारण वारा तुमच्या पाठीमागून, जमिनीवरून समुद्राकडे वाहत असतो. लाट उठायला त्याला जागाच मिळालेली नसते. पण तुमचा फ्लेमिंगो मात्र तो आरामात घेऊन जातो.

## १. निघण्याआधी: विमा, कपडे, पायातलं

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा मेडिकल विमा लागतोच, तो सगळे काढतात आणि पीडीएफ उघडून कोणी वाचत नाही. त्यात जेट स्की, पॅरासेलिंग, स्कूबा वगैरे बरेचदा वगळलेलं असतं किंवा वेगळं अ‍ॅड-ऑन लागतं. निघायच्या आठवडाभर आधी एजंटला लेखी विचारा: "हे हे वॉटर स्पोर्ट्स कव्हर आहेत का?" फोनवरचं "हो हो सर सगळं आहे" याला काही अर्थ नाही, मेल पाहिजे.

कपड्यांचं सांगतो. कॉटनचा टी-शर्ट, जीन्स, पंजाबी ड्रेस, ओढणी हे घालून कंबरेएवढ्या पाण्यात जायची आपली सवय आहे, अलिबागला चालून जातं. पोहायला गेलात की हेच कपडे पायात गुंडाळतात आणि बाहेर येताना वजन दुप्पट वाटतं. अंग झाकायचं असेल तर पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड (पोहायचा अंगाला घट्ट बसणारा टी-शर्ट) आणि स्विम लेगिंग्ज घ्या. माझ्या आत्याने साठीत पहिल्यांदा घातला आणि आता पुण्यात क्लबच्या टँकवर पण तोच घालते. उन्हाचाही प्रश्न सुटतो, कारण तिकडे वारा गार लागतो म्हणून चटका कळत नाही आणि रात्री पाठ टेकवता येत नाही.

बॅगेत एवढं हवंच:

- रबरी सोलचे वॉटर शूज. बरेच बीच गोट्यांचे आहेत, आणि खडकावर समुद्री साळू म्हणजे सी अर्चिन असतात.
- प्रत्येक पोहणाऱ्यासाठी भडक रंगाची टोपी, लांब पोहणार असाल तर कमरेला बांधायचा टो-फ्लोट, म्हणजे आपल्या मागे तरंगत येणारा भडक फुगा.
- फोनसाठी वॉटरप्रूफ पाउच आणि एक शिट्टी.
- मुलांसाठी मापाचं लाइफ जॅकेट, शक्यतो भारतातून किंवा वाटेत मोठ्या शहरातून घेतलेलं. बीचवर मुलांचा साइज मिळेलच याची खात्री नाही.

तपासा: लाइफ जॅकेट घालून बकलं लावा, मग खांद्याला धरून वर ओढा. कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे. पाण्यात पण असंच वर येणार आणि तोंड आत राहणार. आणि बाह्यांवर फुगवायचे ते फुगे किंवा ट्यूब, ही खेळणी आहेत.

## २. आदल्या रात्री आणि सकाळी: किती बोफोर?

उन्हाळ्यात एजियनवर उत्तरेकडून जो कोरडा वारा वाहतो त्याला मेल्टेमी म्हणतात. बाल्कनवर हवेचा दाब जास्त आणि तुर्कस्तानकडे कमी, त्यामुळे हवा उत्तरेकडून दक्षिणेकडे ढकलली जाते. जुलै-ऑगस्टला त्याचा जोर सगळ्यात जास्त. आपल्या डोक्यात वादळ म्हणजे काळे ढग, विजा. मेल्टेमीचा दिवस म्हणजे निळंशार आभाळ, एक ढग नाही, फोटो एक नंबर, आणि रेस्टॉरंटमधले टेबलक्लॉथ चिमटे लावून धरलेले. आभाळ बघून अंदाज बांधू नका.

तिकडे लोक वारा किलोमीटरमध्ये सांगत नाहीत, ब्यूफोर्टमध्ये सांगतात, म्हणजे वाऱ्याचा जोर मोजायच्या ० ते १२ च्या पट्टीवर. त्यांच्या तोंडी तो "बोफोर". चहावाल्याला विचारावं तसं हॉटेलच्या मावशीला सकाळी विचारा, "आज किती बोफोर?" पेंदे म्हणजे ५, एक्सी म्हणजे ६, एफ्ता म्हणजे ७. विंडी किंवा विंडगुरूसारखं अ‍ॅप बघा, पण हा प्रश्नही विचारा.

माझा साधा हिशोब असा:

- ३ बोफोरपर्यंत: सगळं चालतं, नेहमीची काळजी घेऊन (वारा जमिनीवरून असेल तर फ्लोटी मात्र तेव्हाही नाही).
- ४ (साधारण २० ते २८ किमी ताशी): पोहा. सप (उभं राहून वल्हवायचा बोर्ड) आणि फ्लोटी (फ्लेमिंगोसारखी फुगवायची वस्तू) फक्त वारा किनाऱ्याकडे येत असेल तर, आणि नवशिक्यांनी तेव्हाही नाही.
- ५ (२९ ते ३८): आडोशाच्या बीचवर, छातीएवढ्या पाण्यात डुंबा. फुगवलेली एकही वस्तू बॅगेतून बाहेर काढू नका.
- ६ आणि वर: गाव बघा, ऑक्टोपस खा (नाहीतर बटाटे तर असतातच). पाय भिजवायचे असतील तर कमरेच्या वर नाही.

हे नियम कुठल्या सरकारी फलकावरचे नाहीत, आमच्या घरचे आहेत, आणि मुद्दाम जरा कडक ठेवलेत.

वेळेचं पण बघा. सकाळी ९-१० पर्यंत वारा बरेचदा नरम असतो, दुपारी चढतो, संध्याकाळी उतरतो. जोराची पाळी आली असेल तर मात्र रात्रभरही थांबत नाही. आपले लोक नेमकं काय करतात, रात्री उशिरा झोपणार, ११ ला नाश्ता, १ वाजता बीचवर आणि २ वाजता सप बोर्ड भाड्याने. दिवसातली सगळ्यात वाईट वेळ निवडतात आणि पैसेही पूर्ण देतात. वॉटर स्पोर्ट सकाळी पहिला करा, बाकीचं लोळणं नंतर.

## ३. बीच निवडणं

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

वारा उत्तरेचा, म्हणजे बेटाची उत्तर बाजू तोंडावर घेणार आणि दक्षिण बाजू आडोशाला. मिकोनोसचे ओर्नोस, प्लाटिस यालोस, प्सारू हे बीच दक्षिणेकडे आहेत, म्हणून तिथे पाणी गुळगुळीत. उत्तरेच्या फ्तेलियाला मात्र विंडसर्फवाले खूश. पण दक्षिणेच्या बीचवर तोच वारा टेकडीवरून उतरून समुद्राकडे वाहतो. म्हणून:

उत्तरेच्या बीचवर धोका लाटेचा. ती तुम्हाला आपटते, आणि लाटांचं आत आलेलं पाणी कुठूनतरी परत जाताना ओढ तयार होते.

दक्षिणेच्या बीचवर धोका वाहून जाण्याचा. किनाऱ्यापाशी शांत, शंभर मीटर आत गेलात की वाऱ्याच्या तावडीत.

तेव्हा साधं पोहायला दक्षिण बाजू उत्तम. तरंगणाऱ्या, वारा धरणाऱ्या कुठल्याही वस्तूला तीच बाजू सगळ्यात वाईट. लोक नेमकं उलट करतात कारण सपाट पाणी बघून वाटतं की वा, फ्लोटीसाठीच बनवलंय.

बाकी बेटांचं थोडक्यात. नाक्सोसला राहण्याच्या गावाला लागून आयिओस योर्गोस आहे, बरंच लांबपर्यंत उथळ, नवशिक्यांना आणि मुलांना बरं. त्याच किनाऱ्याने खाली मिक्री विग्ला, तिथे काइटसर्फिंगवाल्यांच्या (पतंगाने ओढत बोर्डावर सरकणाऱ्यांच्या) दोऱ्या असतात, त्यांच्यात पोहू नका. ऱ्होड्सला वारा वायव्येचा असतो म्हणून पश्चिम किनारा खवळलेला आणि फालिराकी, लिंडोस असा पूर्व किनारा आडोशाला. क्रीटच्या दक्षिणेला फसू नका, नकाशावर आडोसा दिसतो पण डोंगरावरून झोत येतात, प्लाकियासला वाळू पोटऱ्यांना टोचते एवढा वारा मी अनुभवलाय. कॉर्फू, झाकिंथोस ही बेटं आयोनियन समुद्रात, तिथे मेल्टेमी नाही, दुपारचा वायव्येचा वारा असतो पण सहसा सौम्य.

सँटोरिनीबद्दल वेगळं लिहितो कारण आपले निम्मे लोक तिथेच जातात. पेरिसा, कामारी हे काळ्या वाळूचे-गोट्यांचे बीच. वाळू दुपारी तव्यासारखी तापते, अनवाणी पळाल तर पायाला फोड. पेरिसाला पाण्यात शिरताना काही ठिकाणी सपाट शेवाळलेले खडक आहेत, तिथे माणसं पाठीवर पडतात. आणि पाणी पटकन खोल होतं, कोकणासारखं अर्धा किलोमीटर चालत जाता येत नाही. रेड बीचवर दरड कोसळण्याचा धोका आहे, तिथे मनाईचे फलक असतात, इन्स्टावर काहीही दिसो. मिलोसचं साराकिनिको उत्तरेला उघडं आहे, मेल्टेमीच्या दिवशी त्या अरुंद पांढऱ्या खडकांत लाट शिरते, त्या दिवशी फक्त वरून बघा.

इशारा: बीचवर निळा झेंडा फडकत असेल तर त्याचा अर्थ "आज पोहायला सुरक्षित" असा नाही. ब्लू फ्लॅग हे स्वच्छता, पाण्याचा दर्जा, सोयी यांचं मानांकन आहे, तो वादळातही तिथेच असतो. आजची परिस्थिती सांगणारा झेंडा लाइफगार्डच्या टॉवरवर असतो. लाल म्हणजे पाण्यात नाही, पिवळा म्हणजे सांभाळून.

## ४. पोचल्यावर पहिली दहा मिनिटं

चादर टाकायच्या आधी हे करा. मला माहितीय मुलं ऐकत नाहीत, एकाने मुलांना धरा आणि दुसऱ्याने करा.

पाण्याकडे तोंड करून उभं राहा. वारा चेहऱ्यावर लागतोय की मानेवर? चेहऱ्यावर म्हणजे तो तुम्हाला किनाऱ्याकडे ढकलणार. मानेवर म्हणजे आत नेणार. कळत नसेल तर मूठभर कोरडी वाळू सोडा किंवा छत्र्यांच्या झालरी कुठे उडतायत बघा. मग लांब बघा, जवळ नाही. दोनतीनशे मीटरवर पाणी गडद निळं आणि त्यावर पांढरे ठिपके दिसतायत का? ते ठिपके म्हणजे फुटणाऱ्या लाटांचे शेंडे, तिथे भरपूर वारा आहे, तुमच्या पायाशी कितीही शांत असो.

मग लाइफगार्ड आहे का बघा. सगळ्या बीचवर नसतो, छोट्या खाड्यांत तर नाहीच, आणि असला तरी संध्याकाळी घरी जातो. पोहणाऱ्यांसाठी बोयांची (तरंगत्या खुणांची) रांग कुठपर्यंत आहे ते बघा. बोटींच्या जा-ये साठी बोयांनी आखलेली पट्टी असते ती ओळखा, त्यात पोहायचं नाही.

शेवटी परतीची खूण ठरवा. किनाऱ्यावरच्या दोन गोष्टी एका रेषेत धरा, उदाहरणार्थ पिवळी छत्री आणि मागच्या टेकडीवरचं चर्च. पोहताना दर थोड्या वेळाने बघा, दोघं एकमेकांपासून सरकली म्हणजे तुम्ही वाहताय. हे मला एका म्हाताऱ्या ग्रीक आजोबांनी शिकवलं, ते रोज सकाळी टोपी घालून पाण्यात उभे राहून शेजाऱ्याशी गप्पा मारायचे.

## ५. पाण्यात उतरणं

हळू. मेच्या अखेरीस पाणी १९-२० अंशांच्या आसपास असतं, भर ऑगस्टमध्येही २४-२५. आपला अरबी समुद्र २८ च्या पुढे असतो, म्हणून पहिल्या दिवशी गार पाण्यात एकदम उडी मारली की श्वास आत ओढला जातो, आपण थांबवू शकत नाही, आणि तोंड पाण्यात असेल तर पाणीच आत जातं. पाय, मग मनगटं, मान, तोंड भिजवा, मिनिटभर थांबा, श्वास नेहमीसारखा झाला की पुढे.

डोकं खाली घालून सूर नाही. पाणी इतकं स्वच्छ की तळाचा खडा दिसतो, आणि पाण्यातून बघताना खोली साधारण पाऊण दिसते, म्हणजे तीन मीटर वाटतंय तिथे चार असतात. पोहता न येणारा माणूस "इथे पाय टेकेल" म्हणून उतरतो आणि टेकत नाही. खडकावरून उडी मारणाऱ्या गावच्या पोरांचं बघून मारू नका, त्यांना प्रत्येक दगड माहिती असतो.

किनाऱ्याला समांतर पोहा. आत आत न जाता, खांद्याएवढ्या खोलीवर बाजूला. आणि आधी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, दमायच्या आधी. येताना वारा मदत करेल. बहुतेक जण आधी वाऱ्यासोबत मस्त भरभर जातात, "अरे आज काय स्पीड आहे माझा", आणि मग परतताना कळतं स्पीड कोणाचा होता.

टँकमध्ये ५० लॅप मारणाऱ्यांना खास सूचना. एजियनचं पाणी जास्त खारट, लिटरमागे साधारण ३८-३९ ग्रॅम मीठ, त्यामुळे शरीर छान तरंगतं आणि उगाच आत्मविश्वास वाढतो. पण इथे भिंत नाही धरायला, आणि तोंडावर लाट आली की दोन घोट जातात. पहिल्या दिवशी टँकमधल्या अंतराचा चौथा हिस्साच धरा.

बिअर किंवा ऊझो (तिकडची बडीशेपेच्या चवीची दारू) पोहून झाल्यावर. आधी नाही, मध्ये नाही.

तपासा: मुलांसोबत असाल तर कोण बघतंय ते नाव घेऊन ठरवा. "सगळे आहेत ना" म्हणजे कोणीच नाही. ज्याची पाळी त्याच्या हातात फोन नको, १५-२० मिनिटांनी बदला. लहान मूल हाताच्या अंतरावर.

## ६. फ्लोटी, सप, कयाक

इथेच सगळ्यात जास्त चुका, म्हणून इथे जरा थांबतो.

२०२० च्या ऑगस्टमध्ये अँटिरिओजवळ, म्हणजे ग्रीसच्या मुख्य भूमीला लागून, एक लहान मुलगी फुगवलेल्या युनिकॉर्नवर बसून वाहत गेली आणि थेट एका फेरीबोटीच्या लोकांनी तिला उचललं. व्हिडिओ सगळ्यांनी बघितला असेल, पाणी काही फार खवळलेलं नाही त्यात. आई-बाप निष्काळजी होते वगैरे कमेंट करणं सोपं आहे. फुगवलेल्या वस्तूचं वजन नाही, पाण्यात काही बुडालेलं नाही, सगळी वर, म्हणजे ते शीडच झालं. सामान्य माणूस तासाला २-३ किलोमीटर पोहतो. जोराच्या वाऱ्यात ती वस्तू त्याच्या पुढे पळते.

म्हणून फ्लोटीचे नियम: वारा जमिनीवरून असेल तर नाही. बाकी दिवशीही दोरी बांधून, दोरीचं दुसरं टोक कमरेएवढ्या पाण्यात उभ्या मोठ्या माणसाच्या हातात. आणि बॉल किंवा रिकामी फ्लोटी उडाली तर जाऊ द्या. १५ युरोची वस्तू आहे. तिच्यामागे पोहत जाणं हीच ती चूक, "थोडंसंच राहिलंय" करत करत माणूस आत जातो.

आता माझी गोष्ट. मिकोनोसचा एक दक्षिणेचा बीच, मी आणि माझा आतेभाऊ, दुपारचे साडेबारा, दोन सप बोर्ड. भाड्याने देणाऱ्याने पैसे घेतले, वल्ही दिली, "जवळ राहा" म्हणाला, लीश (बोर्ड पायाला बांधायची दोरी) दिली नाही आणि आम्ही मागितली नाही. पाणी एवढं सपाट की आम्ही शंभरेक मीटरवर बोर्डावर पाय सोडून बसलो आणि ऑफिसच्या गप्पा सुरू. दहा मिनिटं झाली असतील. मागे वळून बघतो तर छत्र्या औषधाच्या गोळ्यांएवढ्या. उभं राहून वल्हवायला गेलो तर उभा माणूसच शीड होतो, उलट मागे. गुडघ्यावर बसलो, जागच्या जागी. शेवटी पोटावर आडवे झालो, वल्हं छातीखाली दाबलं आणि दोन्ही हातांनी पाणी ओढत निघालो, तेव्हा कुठे सरकायला लागलो. पाऊण तास लागला, दंड आठवडाभर दुखत होते, आणि दुकानदाराची बोट पूर्ण वेळ बनाना राइड ओढत होती. आतेभाऊ अजून "तुझ्या शांत पाण्यात" म्हणून टोमणा मारतो.

तर क्रम असा:

१. लीश पायाला बांधल्याशिवाय बोर्ड ढकलायचा नाही. नसेल तर दुसरं दुकान. पडलात आणि बोर्ड सुटला तर तो वाऱ्यासोबत जातो आणि तुम्ही राहता.
२. लाइफ जॅकेट अंगात, बोर्डला अडकवून नाही.
३. पहिली दोन मिनिटं वाऱ्याच्या विरुद्ध वल्हवून बघा. जमत नसेल तर तिथूनच परत, पैसे गेले तर गेले.
४. बसून गप्पा मारायच्या नाहीत. थांबलात की वाहताय. दर मिनिटाला ती छत्री-चर्चची रेषा.
५. वारा वाढला की लगेच गुडघ्यावर, मग पोटावर.
६. नाहीच जमलं तर बोर्ड सोडून पोहत निघू नका. बोर्ड तरंगतो, लांबून दिसतो, तुमचं डोकं दिसत नाही. त्यावर पडून राहा, शिट्टी, हात हलवा.

कयाकला हेच, फक्त तो वारा कमी धरतो म्हणून जरा सोपा. भूशिराला वळसा घालून "पलीकडचा बीच बघून येऊ" हे टाळा, भूशिरापलीकडे वारा वेगळाच असतो.

३० हॉर्सपॉवरपर्यंतची छोटी बोट तिकडे लायसन्सशिवाय भाड्याने मिळते. मिळते म्हणून चालवता येते असं नाही. वारा ४ च्या वर असेल तर घेऊच नका आणि नांगर टाकायला आधी शिकून घ्या.

## ७. जेट स्की, बनाना, पॅरासेलिंग

मालवण-तारकर्लीला मागे ऑपरेटर बसलेला असतो, आपण नुसतं हँडल धरल्याचं नाटक करतो. तिकडे बऱ्याच ठिकाणी तुम्हीच चालवता. त्यामुळे पैसे द्यायच्या आधी विचारा: रेस्क्यू बोट कुठाय? किती बोफोरला बंद करता? विमा आहे का, आणि नुकसान झालं तर किती भरायचं? उत्तर देताना माणूस वैतागला तर निघा. वस्तूचा चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, आधीचे ओरखडे नंतर तुमच्या नावावर लागू नयेत.

जेट स्कीवर दोन गोष्टी. एक, किल स्विचची दोरी मनगटाला किंवा जॅकेटला, पडलात की इंजिन बंद. दोन, आणि ही नवशिक्यांना कोणी सांगत नाही: थ्रॉटल सोडला की वळत नाही. ती मागून पाण्याचा झोत सोडून वळते, झोत बंद म्हणजे हँडल नुसतं फिरतं. समोर कोणी आलं की आपला हात आपोआप थ्रॉटल सोडतो, स्कूटरची सवय, आणि जेट स्की सरळ जाऊन धडकते. मोकळ्या पाण्यात आधी पाच वेळा सराव करा, थोडा थ्रॉटल ठेवून वळायचा. पोहणाऱ्यांपासून २०० मीटर बाहेर, आखलेल्या पट्टीतूनच हळू आत-बाहेर.

बनाना राइडला अंगठ्या, कानातले, चष्मा काढा. मंगळसूत्र पण, हॉटेलच्या सेफमध्ये. आपल्याकडे मुद्दाम उलटवतात, तिकडे पण काही जण उलटवतात, पोहता येत नसेल तर बसायच्या आधीच स्पष्ट सांगा. पॅरासेलिंगला वारा हाच मुद्दा, झोत येत असतील तर नाही म्हणा, बुकिंग असलं तरी.

## ८. स्नॉर्केलिंग

खडकाच्या कडेने, दोघं मिळून, बोयांच्या आत. डोकं खाली असल्याने बोट ऐकू येते पण कुठून येते ते कळत नाही, म्हणून टो-फ्लोट. मास्क आधी उथळ पाण्यात घालून, मुद्दाम पाणी भरून, काढून बघा. दम लागला की उताणे व्हा, नळी काढा, आकाशाकडे बघा. कशालाही हात लावू नका, दक्षिण एजियनमध्ये आता लायनफिश आहेत, दिसायला सुंदर, काटे विषारी.

## ९. काही झालंच तर

नंबर आत्ताच सेव्ह करा: ११२ सगळ्यासाठी, १०८ कोस्टगार्ड, १६६ अ‍ॅम्ब्युलन्स. लक्षात घ्या, आपल्याकडे १०८ म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्स, तिकडे कोस्टगार्ड, गोंधळ नको म्हणून ११२ च लावा. बीचच्या नावाच्या ग्रीक फलकाचा फोटो काढून ठेवा. ओरडायचा शब्द: "वोईथिया!" म्हणजे मदत.

वाहत असाल तर: उताणे व्हा, तरंगा, श्वास आवरा. लाटेच्या बीचवर ओढ लागली असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर पडा. वाऱ्याने नेत असेल तर समोरच्याच छत्रीचा हट्ट सोडा, तिरकं पोहत जो किनारा, खडक, बोट जवळ येईल ते धरा. एक हात वर हलवा.

दुसरा बुडत असेल तर: उडी मारू नका. तरंगणारं काहीही फेका, दोरी, बोर्ड, कूलरचा डबा. बुडणारा ओरडत नाही बरेचदा, गप्प असतो, तोंड पाण्याच्या रेषेवर आणि नजर काचेसारखी.

बाहेर काढल्यावर: पोट दाबणं, उलटं धरणं, हे आपल्याकडचे प्रकार करू नका, त्यात वेळ जातो आणि उलटी फुप्फुसात जाते. श्वास नसेल तर ११२, नाक धरून तोंडाने ५ श्वास, मग ३० वेळा छाती दाबा आणि २ श्वास, मदत येईपर्यंत चालू.

जेलीफिश: समुद्राच्याच पाण्याने धुवा, बिसलेरीने नाही, गोड्या पाण्याने उरलेले डंख फुटतात. चोळू नका, धागे कार्डाच्या कडेने काढा. व्हिनेगर प्रत्येक जातीला चालत नाही, आणि लघवीचा उपाय विसरा.

पायाला वाळूत काहीतरी जबरदस्त टोचलं, रंग बदलला, कळा येतायत: वीव्हर मासा (वाळूत लपणारा, विषारी काट्यांचा) असू शकतो. सोसेल इतक्या गरम पाण्यात, ४०-४५ अंश, अर्धा-पाऊण तास पाय बुडवा. पाणी आधी काटा न टोचलेल्या माणसाने हाताने तपासावं, कारण दुखऱ्या पायाला भाजल्याचं कळत नाही. लायनफिशलाही हेच. साळूचे काटे मात्र सुईने कोरत बसू नका, तुटून आत जातात, वर आलेले चिमट्याने काढा, बाकीचं फार्मसीत दाखवा.

आणि ज्याच्या नाकातोंडात भरपूर पाणी गेलंय, जो बाहेर येऊन "मी ठीक आहे" म्हणतोय पण खोकतोय, धाप लागतेय, झोपाळलाय, त्याला हॉटेलवर नेऊन झोपवू नका. थेट बेटावरच्या हेल्थ सेंटरमध्ये न्या, पासपोर्ट आणि विम्याची पीडीएफ सोबत घेऊन.